वरचं मी बघितलंय

४ ऑगस्ट

धाकट्या,

अक्षर ओळखलं असशील. अकरा वर्षांत जरा वाकडं झालंय, पण आहे तेच. पत्ता जुना आहे. तू अजून तिथेच असशील असं धरून लिहितो.

आधी कामाचं. गेल्या महिन्यात कंबर धरली म्हणून सोनोग्राफी केली. मूतखडा असेल असं वाटलं होतं. तो निघाला असता तर बरं झालं असतं. पोटातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगली आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ऑपरेशन २८ तारखेला, गुरुवारी. तोवर फुटली तर फुटली. वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही, चिडायचं नाही. चिडायचं नाही हे त्यांनी नेमकं तुझ्या वहिनीसमोर सांगितलं, त्यामुळे सध्या घरात सगळं तिच्या मनासारखं चाललंय.

बुटाची नाडी बांधायला वाकतो तेव्हा एक हात पोटावर असतो. शिंक येतेय असं वाटलं की आधी प्रभूचं नाव घेतो, मग शिंकतो. हसू नकोस.

मनाने मी तयार आहे. अकरा वर्षं चर्चच्या वडीलमंडळात सेवा केली. उपासना चुकवली नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. उद्या बोलावणं आलं तर माझी बॅग भरलेली आहे.

प्रश्न आईचा आहे. त्र्याऐंशी पूर्ण झाली. डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळते. कान मात्र असे तिखट की शेजारच्या घरात चमचा पडला तरी विचारते, काय पडलं? दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असते. संध्याकाळी प्रार्थना करते, त्यात तुझं नाव असतं. काय मागते ते लिहीत नाही. मी नसलो तर तिला उठवणं-बसवणं तुझ्या वहिनीला एकटीला जमणार नाही. तेव्हा तू ये. एवढ्यासाठीच हे पत्र.

त्या प्रकरणाबद्दल मला काही उकरून काढायचं नाही. एका माणसाचा पाय गेला, तुझा परवाना गेला, घर फुटलं. माझ्या मनात आता काही राहिलेलं नाही. मी तुला केव्हाच क्षमा केली आहे.

थोरला


१३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं पाकीट काल आलं. आत अख्खा कोरा कागद आणि मधोमध तीन शब्द. ‘दादा, क्षमा कशाची?’ खाली सहीसुद्धा नाही.

मी चिडलो. चिडायचं नाही, तरी चिडलो. नंतर घाबरून गोळी घेतली आणि अर्धा तास उताणा पडून पोटातले ठोके मोजत बसलो.

तुला बोलायचंच असेल तर बोलू. ती आठ मजली इमारत, महिन्याची सर्व्हिस. तू खाली लिफ्टच्या खड्ड्यात होतास, मी दारांची तपासणी करत होतो. मोटर आणि ब्रेक वर, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. मी तुला म्हणालो, ‘वरचं बघून घे.’ तू मान हलवलीस. निदान मला तसं वाटलं. खड्ड्यात पाणी उपसायचा पंप चालू होता, तुला ऐकू गेलं नसेल. तर आपण असं धरून चालू की गैरसमज झाला. दोघांचाही. तपासणीच्या कार्डावर ब्रेकपुढे तुझ्या नावाची आद्याक्षरं होती, ती तिथे कशी आली याचा कीस आता काढायला नको. मी साठी ओलांडली, तू पन्नाशीकडे आलास. किती दिवस धरून ठेवायचं?

दुसरी गोष्ट. पाळकसाहेब म्हणतात की ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी, २४ तारखेला, मी मंडळीपुढे साक्ष द्यावी. मरण समोर दिसत असताना ख्रिस्ती माणूस निर्मळ मनाने कसा राहतो, यावर दहा मिनिटं. तरुणांना फायदा होईल म्हणे. मी हो म्हणालो. गेले तीन दिवस लिहायला बसतो. ‘माझं मन निर्मळ आहे’ एवढं लिहिलं की पेन थांबतं. रिफिल संपली असेल म्हणून दुसरं पेन घेतलं. तेही तिथेच थांबलं.

जेवण जात नाही. तुझी वहिनी म्हणते ऑपरेशनची धास्ती आहे. तसंच असेल.

येणार की नाही, एवढं तरी कळव.

थोरला


१७ ऑगस्ट, रविवार

धाकट्या,

आज प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट बाकांमधून फिरवायची पाळी माझी होती. तुला आठवत असेल, सगळ्यांना देऊन झालं की ताट धरणाऱ्याने शेवटी स्वतः घ्यायचं. एवढी वर्षं घेत आलो. आज हात पुढे गेलाच नाही. मी ताट तसंच नेऊन मेजावर ठेवलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. पाळकसाहेबांच्या आलं.

ते दुपारी स्कूटर घेऊन घरी आले. बत्तिसाव्या वर्षी पाळक झालेला माणूस, मला काका म्हणतो.

‘काका, पोटात दुखत होतं का?’

‘नाही.’

‘मरणाची भीती वाटते?’

‘छे!’ मी म्हणालो.

‘मला वाटते,’ ते म्हणाले. ‘परवा साधा दात काढायचा होता तरी वाटली. पण तुम्हाला वाटत नाही म्हणता, पोटातही दुखत नव्हतं, मग भाकर का घेतली नाहीत?’

मी पित्ताचं कारण सांगितलं. त्यांनी चहा घेतला, आईच्या कानाशी वाकून प्रार्थना केली, निघाले. दारात चप्पल घालताना म्हणाले, ‘साक्ष द्यायलाच हवी असं नाही, काका. पण मी तयार आहे असं म्हणणाऱ्याला निदान कोणापासून तोंड चुकवावं लागू नये, इतकंच मला कळतं.’

ते गेल्यावर दार लावून हे लिहायला बसलो. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

‘वरचं बघून घे’ असं मी म्हणालोच नव्हतो. तू खड्ड्यातून बाहेर आलास, चिंधीने हात पुसलेस आणि विचारलंस, ‘दादा, वर जाऊन येऊ का?’ मी म्हणालो, ‘नको. वरचं मी बघितलंय.’

मी बघितलं नव्हतं. गच्चीची किल्ली तिसऱ्या मजल्यावर कोणाकडे तरी होती आणि ते लोक बाहेर गेले होते. थांबावं लागलं असतं. त्या संध्याकाळी सहाला वडीलमंडळाची निवड होती. मला घरी जाऊन अंघोळ करायची होती, पांढरा शर्ट घालायचा होता. सकाळीच इमारतीच्या वॉचमनने सांगितलं होतं, ‘साहेब, लिफ्ट दोन बोटं खाली थांबते.’ मी म्हणालो, बघतो. लिफ्ट खाली थांबते म्हणजे ब्रेकचे पट्टे झिजलेत, हे काल कामाला लागलेल्यालाही कळतं. मला कळलं होतं. मी त्याच्याच स्टुलावर बसून कार्डावर ‘ब्रेक: ठीक’ अशी खूण केली. संध्याकाळी सगळ्यात जास्त मतं मला पडली.

नऊ दिवसांनी तोच वॉचमन कोणाची तरी सामानाची ट्रॉली ओढत लिफ्टमधून बाहेर येत होता आणि दार उघडं असताना लिफ्ट खाली सरकली.

कंपनीने दुसऱ्या दिवशी कार्ड मागितलं. खूण होती, पण कोणी तपासलं त्याची आद्याक्षरं घालायची जागा रिकामी होती. तिथे तुझी अक्षरं मी घातली. तू शाळेत होतास तेव्हा तुझ्या वह्यांवर नाव मीच घालून द्यायचो, तेव्हा मला ते अवघड गेलं नाही.

चौकशीत तू ओरडून सांगत होतास, ‘मी वर गेलोच नाही, दादा म्हणाला बघितलंय.’ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘घाबरलाय, साहेब. माझ्यापेक्षा लहान आहे.’ त्यांना वाटलं, काय माया आहे भावाची!

आणि संध्याकाळी आई तुला म्हणाली, ‘माणसाचा पाय गेला आणि तू थोरल्यावर ढकलतोस? कबूल करशील तेव्हाच तोंड दाखव.’ मी शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभा होतो. तांब्या तसाच धरून उभा राहिलो.

लिहून झालं. आता हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

थोरला


२० ऑगस्ट

धाकट्या,

पत्र पोचायला तीन दिवस लागतात. म्हणजे आज मिळालं असेल. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर दिसली की मी उठतो. आज तुझं उत्तर येणं शक्यच नाही हे माहीत असूनही दारात गेलो.

मी एक युक्ती केली होती. सगळं पुन्हा एका कागदावर लिहिलं, पाकिटात घातलं, वर लिहिलं ‘मी गेल्यावर उघडावे’ आणि तुझ्या वहिनीला दिलं. कपाटात ठेव म्हणालो. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यासमोर फाडलं.

‘अगं, वर लिहिलंय ते वाच!’

‘वाचलं,’ ती म्हणाली, आणि आतलंही वाचलं. उभ्यानेच. मग कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

‘मेल्यावर खरं बोलायला काय लागतं?’ ती म्हणाली. ‘तुम्ही सुटाल. आणि मी आईंच्या खुर्चीपुढे उभी राहून हे वाचून दाखवू? माझ्या तोंडून त्यांनी हे ऐकायचं?’

‘ऑपरेशन झाल्यावर सांगतो.’

‘झाल्यावर म्हणाल, आता जगलोच आहे तर कशाला.’

माझ्या मनात नेमकं तेच होतं. चोवीस वर्षांचा संसार, काय लपणार? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. गोळी वेळेवर देते, पण हातात देत नाही, बशीत ठेवते.

काल मी बसने त्या वॉचमनकडे गेलो. बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या बनवायची टपरी आहे त्याची. कुबडी बाजूला टेकवलेली, गुडघ्याखाली पँट दुमडून पिन लावलेली. त्याने मला लगेच ओळखलं.

‘लिफ्टवाले ना तुम्ही? मोठे?’

खिशातली घराची किल्ली काढून दिली, म्हणालो, अशी एक करून द्या. तो घासत बसला. घासता घासता म्हणाला, ‘तुमचा भाऊ कुठे असतो? फार शिव्या घातल्या मी त्याला. एकदा तरी भेटायला यायला हवं होतं त्याने. तुम्ही आलात हॉस्पिटलात. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत. ते विसरलो नाही मी.’

किल्ली घेतली आणि आलो. बसस्टॉपवर उभा राहिलो. एक बस गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या बसला कंडक्टर म्हणाला, ‘चढताय का, आजोबा?’ मी परत टपरीकडे वळलो.

‘ब्रेक माझ्या भावाने बघायचा नव्हता,’ मी म्हणालो. ‘मी बघायचा होता. मी बघितला नाही, आणि नाव त्याचं घातलं.’

त्याने मशीन बंद केलं.

‘आता का सांगताय?’

‘ऑपरेशन आहे माझं. मोठं.’

‘म्हणजे स्वतःसाठी.’

‘हो,’ मी म्हणालो. नाही म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

तो म्हणाला, ‘रात्री पाय नसलेल्या जागी दुखायचं, तेव्हा तुमचा तो डोक्यावरचा हात आठवायचो मी. बरं वाटायचं. तेही आज घेऊन चाललात.’ मग त्याने एक पुठ्ठा पुढे सरकवला. ‘भावाचा पत्ता लिहा इथे. आणि तुम्ही परत येऊ नका.’

मी पत्ता लिहिला. त्याचं पत्र आलं तर दचकू नकोस.

थोरला


२३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मागण्याचा हक्कही नाही. पण आणखी एक राहिलं आहे. रविवारी लिहिताना ते मुद्दाम गाळलं. वाटलं होतं, एवढं कबूल केलं, हे झाकलं तर चालेल.

तू गेल्यावर आईला तीन पत्रं लिहिलीस. तेव्हाही तिला अक्षर दिसत नव्हतं, मीच वाचून दाखवायचो. पहिल्या दोन्हींत तू लिहिलं होतंस, ‘आई, देवाशपथ सांगतो, मी वर गेलो नव्हतो.’ ती वाक्यं मी गाळली. बाकी वाचलं, तब्येत, काम, शिवणयंत्रं दुरुस्त करतोस ते सगळं. आई विचारायची, ‘त्या गोष्टीबद्दल काही लिहिलंय का रे?’ मी म्हणायचो, नाही. ती म्हणायची, ‘मग उत्तर नको.’

तिसरं मी वाचलंच नाही. त्यात तू लिहिलं होतंस की मुलगी झाली, आणि आता हे शेवटचं. तुझा पत्ता माझ्याकडे आहे तो त्याच पाकिटावरचा. आई आजी झाली, हे तिला दहा वर्षं माहीत नव्हतं.

आज सकाळी सांगितलं. तुझी वहिनी खुर्चीशेजारी येऊन बसली, मी न बोलावता. मी आधी ब्रेकचं सांगितलं, मग कार्डाचं, मग पत्रांचं. आईने एकदाही मध्ये तोडलं नाही. चेहरा खिडकीकडे होता. माझं संपल्यावर म्हणाली, ‘तिसरं पत्र आहे का फाडलंस?’

‘आहे.’

‘वाच.’

मी वाचलं. सगळं.

‘परत वाच.’

तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळेला तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग म्हणाली, ‘अकरा वर्षं मी रोज देवाला सांगत होते, माझ्या धाकट्याला खरं बोलायची बुद्धी दे. देवाला किती कंटाळा आला असेल!’

ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, ‘कागद घे. मी सांगते तसं लिही. तुझं काही घालू नकोस, माझं काही काढू नकोस.’

जसं सांगितलं तसं खाली उतरवतो:

‘बाळा, मी तुझी आई. अक्षर थोरल्याचं आहे, शब्द माझे आहेत. मी तुझं ऐकून घेतलं नाही. तू ओरडत होतास आणि हा हळू बोलत होता, म्हणून मला हा खरा वाटला. एवढं वय झालं तरी मला आवाजावरून माणूस ओळखता आला नाही. मला क्षमा कर. आता माझे थोडेच दिवस राहिलेत, पण तेवढ्यासाठी करू नकोस. करावीशी वाटली तरच कर. पोरीला घेऊन ये. तिला मी दिसणार नाही असं कोणी सांगू नका, तिला मी दिसेन, मला ती दिसणार नाही, एवढंच. मी हाताने बघेन.’

लिहून झाल्यावर म्हणाली, ‘वाचून दाखव.’ दाखवलं. मग कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि तुझ्या वहिनीकडे धरला. ‘आता तू वाच. दोघांचं एक आलं पाहिजे.’

तुझ्या वहिनीने वाचलं. एक आलं. मी भिंतीकडे बघत होतो.

शेवटी न राहवून विचारलं, ‘आणि माझं काय, आई?’

ती म्हणाली, ‘तू आधी ऑपरेशन नीट करून घे. मेलास तर मला तुझ्यावर धड रागावताही येणार नाही.’

थोरला


२७ ऑगस्ट, हॉस्पिटल

धाकट्या,

उद्या सकाळी आठला नेणार. पोटावर निळ्या पेनाने रेघ मारून ठेवली आहे. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ कालपासून मला ऑपरेशनं बिघडल्याच्या गोष्टी सांगतायत. चांगल्या मनाने सांगतायत, पण सांगतायत.

रविवारी साक्ष दिली. दहा मिनिटं ठरली होती, दोन पुरली. म्हणालो की मरणाची तयारी यावर बोलायला मला उभं केलंय, पण तीन आठवड्यांपूर्वी मेलो असतो तर एक खोटा माणूस म्हणून मेलो असतो. मग काय केलं ते सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं की तो खरं बोलत होता. वडीलमंडळातून बाहेर पडतो असं सांगून खाली उतरलो. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई, आईच्या मैत्रीण, चष्मा काढून पुसत बसल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. चर्चच्या आवारात नेहमी दहा जण घेरतात, त्या दिवशी वाट मोकळी होती. लिफ्ट निरीक्षकांच्या ऑफिसला लेखी जबाब रजिस्टरने पाठवला आहे. त्याची पावती तुझ्या वहिनीकडे आहे. मी राहिलो नाही तरी कागद चालू राहील.

वाटलं होतं, आता शांत वाटेल. तसं काही झालं नाही. दुपारपासून भीती वाटतेय. नर्स तीनदा विचारून गेली. पण या भीतीत एक फरक आहे. आधी ती कसली आहे हे मला कोणालाच सांगता येत नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा मी तिच्या कडेकडेने जायचो. आता सांगता येते. मरणाची आहे. साधी, सगळ्यांना असते ती.

पाळकसाहेब सकाळी आले तेव्हा मी आपण होऊन म्हणालो, ‘मला भीती वाटते.’ ते खाटेवर बसले, म्हणाले, ‘मग आता नीट प्रार्थना करता येईल.’ रुमालात बांधून भाकर आणली होती. मी घेतली.

तू आलास तर मला भेटायलाच हवं असं नाही. आईला भेट.

आणि एक. पहिल्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य. ते मी कसं लिहिलं असेल, याचाच विचार करत पडलोय. तू मला क्षमा करावीस असं मी या पत्रात मागत नाही. आज मागितली तर ती उद्याच्या ऑपरेशनने तुझ्याकडून वसूल केल्यासारखी होईल.

थोरला


१४ नोव्हेंबर

धाकट्या,

आई तुझ्याकडे रमली आहे हे तुझ्या वहिनीकडून कळतं. रविवारी फोन येतो. दोघी अर्धा तास बोलतात, मग आई मला बोलावते, ‘जेवलास का?’ विचारते आणि ठेवते. मागच्या रविवारी ‘काय जेवलास?’ असंही विचारलं. पोरीच्या नाकाची आणि कपाळाची तिला आता पूर्ण माहिती झाली आहे म्हणे. रोज हात फिरवून बघते.

ऑपरेशनच्या दिवशी तू आला होतास, अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी पाच मिनिटं उभा राहून गेलास, हे मला शुद्धीवर आल्यावर समजलं. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलास. बरं केलंस. तिची खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे, मी त्यात बसत नाही.

डॉक्टर म्हणतात, आत बसवलेली नळी माझ्यापेक्षा जास्त टिकेल. पंचवीस दिवसांत मरायची तयारी करत होतो, आता पंधरा वर्षंही मिळतील म्हणे. खरं सांगू? पहिले काही दिवस मला त्याचीच भीती वाटली. मेलो असतो तर लोक चांगलं बोलले असते. आता चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. काही जण बोलतात, काही जण दुसऱ्या दाराने जातात. वॉचमनकडे मी गेलो नाही, त्याने सांगितलं होतं म्हणून. रोज सकाळी उठून मला तोच माणूस व्हावं लागतं ज्याने ते केलं, आणि तरी दिवस सरळ काढावा लागतो. मरण निदान एकदाच असतं. पण झोपताना दिवा बंद केला की आता मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडत नाही, एवढं झालंय.

हे पत्र कालच्यासाठी. निरीक्षकांच्या ऑफिसात आपल्याला एकाच बाकावर बसवतील असं मला वाटलं नव्हतं. तू भिंतीच्या टोकाला, मी दाराच्या. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. तुझे केस पिकलेत. दोन तास तू समोरच्या कॅलेंडरकडे बघत होतास. मी एकदा खाकरलो, तेव्हा तू मान वळवलीस आणि परत सरळ केलीस. माझा जबाब तूच ऐकलास. तुझ्या नावावरचा डाग पुसण्याचा कागद करतो, असं साहेब म्हणाले, माझा परवाना जमा करून घेतला. मग कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. वर न बघता विचारलं, ‘तुमचं दोघांचं नातं काय?’

ते सांगायचा हक्क मला आहे असं वाटेना. तो पेन धरून थांबला होता.

‘सख्खे भाऊ,’ तू म्हणालास.

तुझ्या लक्षातही नसेल. फॉर्मवर भरायचं होतं, भरलंस. त्याने ते लिहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर पडलो तेव्हा लिफ्टपुढे गर्दी होती. तू जिन्याकडे वळलास, मी मागून आलो. टाके ओढतात अजून, कठडा धरून एक एक पायरी उतरत होतो. तू तीन-चार पायऱ्या पुढे होतास. वळण आलं की तू थांबायचास. मागे बघत नव्हतास. माझ्या पायांचा आवाज जवळ आला की पुढच्या पायऱ्या उतरायला लागायचास. चार मजले आपण असे उतरलो. खाली रस्त्यावर तू बस पकडलीस.

थोरला